चौदा नंबरची फळी

हाक आली तेव्हा एगोन विंटरहाल्टर मासळी गल्लीत गुडघे टेकून पाटातलं शेवाळ खरवडत होता. आठला दोनेक मिनिटं कमी असतील. हाक नव्हती ती, किंकाळी होती, आणि शेजारच्या हाफनर गल्लीतून आली होती. एगोनने खराटा टाकला आणि एकसष्ट वर्षांचे गुडघे जेवढे पळू देतील तेवढा पळाला.

आपल्या हातमोज्यांच्या दुकानापुढे आडेलहाईट फालर पालथी पडली होती. डोकं पाटाच्या दगडी काठावर, टोपी बाजूला. तिची भाची रेनाटे दुकान उघडायला आली होती, ती तोंडावर हात दाबून भिंतीला टेकली होती. आडेलहाईटचा उजवा हात कोपरापर्यंत पाटात होता. पाणी बाहीला अडून दोन्ही अंगांनी वाट काढत होतं. बाहीच्या वरच्या बाजूला पिवळी पानं, सिगारेटची थोटकं आणि शेवाळाचे धागे यांचा हा एवढा गठ्ठा साठला होता. तिच्या हाताला कधी डाग नसायचा. एगोनला वाटलं, आधी तो कचरा काढावा. पण कशाला हात लावायचा नाही एवढं त्यालाही कळत होतं.

मग त्याला तिच्या पायाशी आडवी पडलेली फळी दिसली. ओक लाकडाची, कडांना लोखंडी पट्टी, ओली. वर पांढऱ्या रंगात आकडा होता, चौदा.

ती त्याचीच फळी होती.

जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या जुन्या गावात पाट गल्लीगल्लीतून वाहतात, आणि ते वाहते ठेवायचं काम एगोन एकोणतीस वर्षं करत होता. हाफनर गल्लीचा वार मंगळवार. आठपर्यंत गल्लीला साखळी, ना गाडी ना गिऱ्हाईक. सहाला गल्लीच्या माथ्यावर, कारंज्याजवळच्या खाचेत चौदा नंबरची फळी सारायची. पाणी अडतं, दुसऱ्या फाट्याला वळतं, खालचा पाट कोरडा पडतो. मग खराटा घेऊन वरून खालपर्यंत घासत यायचं. सव्वासातला तळाशी पोचलं की मित्राकडे, लोथारकडे कॉफी. साडेसातला परत वर जायचं, फळी उपसायची, कारंज्यामागच्या कोनाड्यात उभी करायची आणि पुढची गल्ली धरायची. झोपेतही चुकू नये असं काम. पण हल्ली एगोनचं झोपेत नव्हे, जागेपणीच चुकत होतं.

पोलिसांकडून डोल्ड नावाच्या बाई आल्या. पस्तिशीच्या, आवाज हळू, वही छोटी. लोथार केटररने लगेच आपलं दुकान त्यांना बसायला दिलं. लोथारचं दुकान गल्लीच्या वळणाखाली, लाकडी होड्यांचं. पोरं दोरी बांधून पाटातून ओढत नेतात त्या होड्या, केटरर घराण्याने हाताने कोरलेल्या. आजोबांपासून शंभर वर्षं. पुढच्याच आठवड्यात दुकानापुढच्या फरसात गोटे ठोकून होडीचं चित्र बसवायचं होतं. तो मान गल्लीची मंडळी फक्त हाताने काम करणाऱ्याला देतात. सही आडेलहाईटची लागे, कारण मंडळाची ती वडीलधारी.

लोथारने एगोनच्या खांद्यावर हात ठेवला, खुर्ची दिली, कॉफी ओतली. नेहमीसारखा अर्धाच कप. गेली दोन वर्षं तो अर्धाच कप भरी. एगोन त्याला कंजूष म्हणून चिडवत असे. त्या दिवशी चिडवणं सुचलं नाही.

"फळी कुठे ठेवलीत?" डोल्ड बाईंनी विचारलं.

"कोनाड्यात."

"आठवतंय, की रोज ठेवता म्हणून सांगताय?"

 खिशातला चेस्टनट एगोन बोटांनी फिरवत राहिला. संधिवाताला चांगला म्हणून तो दर शरदात झाडाखाली पडलेला नवा उचलून खिशात टाकी आणि वर्षभर वागवी. हा अजून गुळगुळीत, ओलसर होता.

"कॉफी पिऊन वर कसे गेलात?"

"गल्लीतून. जातो तसाच."

"म्हणजे साडेसातच्या आधी हातमोज्यांच्या दुकानावरून गेलात. तिथे कोणी पडलेलं होतं?"

"नाही. कुणी नव्हतं."

बाईंनी लोथारकडे पाहिलं. लोथार म्हणाला, हो, पुढच्या दाराने गेला की, मीच दार उघडून दिलं. मग थोडं थांबून, नको नको म्हणत त्याने सांगितलं की एगोन अलीकडे विसरतो. मागच्या महिन्यात मासळी गल्लीची फळी रस्त्यातच ठेवून आला होता, ती लोथारने गुपचूप जागेवर ठेवली. कुठे बोलला नव्हता. मित्र आहे, बोलणार कसा? पण आता एक माणूस गेलं.

एगोनला त्याचा रागही आला नाही. खरंच होतं ते. हातगाडी एका गल्लीत आणि आपण दुसऱ्या गल्लीत, असंही दोनदा झालं होतं.

बाईंचा हिशेब सरळ होता. साडेसातपर्यंत फळी खाचेत, म्हणजे वाटेत नव्हती. साडेसातला एगोनने ती उपसली, हातात धरून चालत राहिला असेल, कुठेतरी विसरून टेकवली असेल. पावणेआठच्या सुमाराला म्हातारी बाहेर आली, उजाडलं होतं जेमतेम, पाय अडखळला. डॉक्टर म्हणाले, कपाळाला एकच घाव, जागच्या जागी गेली. अपघात. पण अपघाताला हात कुणाचा तरी लागतोच.

दुपारी नगरपालिकेने एगोनला घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत पाटाकडे फिरकायचं नाही.

घरी ट्रूडेलने त्याला जेवायला वाढलं. बटाट्याचं सूप निवून गेलं. ती शिकवण्या घेऊन पोरांना शहाणं करणारी बाई, नवऱ्याला उगाच गोंजारणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने सरळ विचारलं, "तू ठेवलीस का ती तिथे?"

"माहीत नाही, ट्रूडेल. तेच तर माहीत नाही."

त्याला नोकरी गेल्याचं दुःख नव्हतं, चार वर्षांनी ती जाणारच होती. तुरुंगाचीही एवढी भीती नव्हती. आडेलहाईट त्याला पोरगा असल्यापासून ओळखत होती, दर नाताळला त्याच्या मापाचे हातमोजे शिवत होती. तिला आपण मारलं की नाही, हे आपल्याच डोक्याला ठाऊक नसावं? आणि ते डोकं आता भरवशाचं राहिलं नाही, तर उरलेलं आयुष्य कशाच्या जिवावर काढायचं? हे त्याने ट्रूडेलला सांगितलं नाही. तिला ते दिसत होतं.

आठवडाभर तो घरात बसून होता. लोथार दोनदा येऊन गेला, केक आणला, म्हणाला, स्वतःला दोष देऊ नकोस, वय आहे, डोकं म्हणजे काही दगड नव्हे. आपण सांगू की फळी घसरून पडली असेल. त्याचं बोलणं इतकं मायेचं होतं की एगोनच्या डोळ्यांत पाणी आलं.

रेनाटेही आली. पांढरीफटक, रडून डोळे सुजलेले. एगोनला वाटलं, ही आता तोंडावर थुंकणार. पण ती म्हणाली, मला एक गोष्ट पटत नाही. गल्लीत लोक मावशीची थट्टा करायचे, माहीत आहे ना? पाटात पाय पडला की फ्रायबुर्गचा नवरा मिळतो म्हणतात, आणि आडेलहाईटचा चौऱ्याहत्तर वर्षांत एकदाही पडला नाही, म्हणून बिचारी बिनलग्नाची राहिली. ती अंधारात चालली असती तरी पाट कुठे आहे हे तिच्या पायांना ठाऊक होतं. अशी बाई फळीला अडखळते?

"फळी तिथे रोज नसते, पोरी," एगोन म्हणाला. "पायांना पाट ठाऊक होता, फळी नव्हती."

रेनाटे उठली. जाता जाता म्हणाली की त्या सकाळी मावशी मुद्दाम सातला दुकानात गेली होती. कुणाला तरी भेटायचं होतं. कुणाला ते सांगितलं नव्हतं. एवढंच म्हणाली होती की चारचौघांत बोलण्याआधी एकट्याने सांगितलेलं बरं.

सोमवारी ट्रूडेलने त्याचा कामाचा कोट धुवायला काढला आणि खिसे उलटे केले. टेबलावर रुमाल पडला, पाटाच्या जाळ्या उचलायचा लोखंडी आकडा पडला आणि चेस्टनट पडला.

"आकडा परत द्यायचा होता ना?"

"विसरलो."

"आणि हा चेस्टनट कुठून आणलास? गेल्या सोमवारी कोट धुतला तेव्हा जुना सुरकुतलेला मी केरात टाकला. मंगळवारी सकाळी खिसा रिकामा होता, मीच कोट दिला तुला."

एगोनने चेस्टनट उचलला. एक बाजू आता सुकायला लागली होती. मंगळवारी दुपारी घरी आल्यावर कोट खुंटीवर गेला तो आजच उतरला. म्हणजे उचलला असेल तो मंगळवारीच, सकाळी सहा ते आठच्या मध्ये. हाफनर गल्लीत तर एकही झाड नाही. मासळी गल्लीतही नाही. चेस्टनट एकाच ठिकाणी आहेत, लोथारच्या दुकानामागच्या रस्त्यावर.

तो खुर्चीत बसला. मग त्याला आठवायला लागलं, हळूहळू, पाट कोरडा पडताना तळातले गोटे एकेक करून वर येतात तसं. लोथारने कॉफीनंतर त्याला मागच्या दाराकडे नेलं होतं. म्हणाला होता, पुढच्या लाकडी फरशीला आत्ताच तेल लावलंय, पाय उमटतील. मागचा रस्ता. झाडाखाली पडलेले चेस्टनट. वाकून एक उचलला. तिथून कारंज्यापर्यंत, फळी उपसली, कोनाड्यात... कोनाड्यात उभी करताना तिच्यावरून पाणी त्याच्या बुटात गेलं होतं. मोजा ओला. मासळी गल्लीत गुडघे टेकले तेव्हाही तो मोजा ओलाच होता.

"मी गल्लीतून वर गेलोच नाही," तो म्हणाला. "पोलिसांना खोटं सांगितलं मी. एकोणतीस वर्षं जातो म्हणून त्या दिवशीही गेलो असणार, असं धरून चाललो."

"मग लोथारने कसं पाहिलं तुला पुढच्या दाराने जाताना?" ट्रूडेल म्हणाली.



मग एगोन उठून माजघरातल्या फडताळाकडे गेला. तिथे पन्नासेक होड्या होत्या. पोरांच्या हातून सुटलेल्या, जाळीत अडकलेल्या. त्या तो आधी कारंज्याला बांधून ठेवी, कुणी न्यायला आलं नाही तर घरी आणी. सगळ्यांच्या तळाला केटरर नावाचा डाग दिलेला. जुन्या कितीही भिजल्या तरी तशाच्या तशा. गेल्या दोन वर्षांतल्या मात्र पाण्याने फुगून पोटातून उलल्या होत्या, आतून दाबलेला भुसा बाहेर आलेला. ट्रूडेल त्या टाकून दे म्हणून मागे लागली होती. त्याला वाटलं होतं, लाकूड हल्ली तसंच येतं.

त्यातली एक महिन्यापूर्वी आडेलहाईटने मागून घेतली होती. कशाला, तर म्हणाली, बघते. तिने बघितलं होतं.

संध्याकाळ व्हायच्या आत तो आकडा घेऊन हाफनर गल्लीच्या तळाशी गेला. पाटाकडे फिरकायचं नाही हा हुकूम त्याने मोडला. ती जड जाळी आकड्याशिवाय उचलत नाही, आणि बदलीचा माणूस मंगळवारी येणार होता, म्हणून आठवडाभराचा गाळ तिथे तसाच होता. एगोनने तो हाताने उपसला. वर कालची पानं. मध्ये सगळा चिखल. अगदी तळाला एक होडी. फुगलेली, उललेली, आणि आणखी फुटू नये म्हणून तिच्या पोटाभोवती पातळ चामड्याची पट्टी शिवलेली. टाके एवढे बारीक की मोजायला भिंग हवं. असे टाके गावात एकच बाई घालत होती.

तो तसाच, चिखलाच्या हातांनी, डोल्ड बाईंकडे गेला.

मंगळवारी दहा वाजता लोथारच्या दुकानापुढे मंडळी जमली. फरसबंदीचा कारागीर गुडघ्यांवर बसून ऱ्हाईन नदीतले फोडलेले गोटे वाळूत ठोकत होता. होडीचा तळ झाला होता, डोलकाठी बाकी होती. लोथार काळ्या कोटात उभा होता, हात पाठीमागे बांधून. मंडळाने ठरवलं होतं की आडेलहाईट गेली तरी मान थांबवायचा नाही, तिला हेच आवडलं असतं. तसं लोथारनेच सुचवलं होतं.

एगोन आला, बरोबर ट्रूडेल, मागून डोल्ड बाई. रेनाटे दुकानाच्या दारात होती. एगोनने पिशवीतून दोन होड्या काढल्या. एक लोथारच्या बापाने कोरलेली, चाळीस वर्षांची. दुसरी गेल्याच आठवड्यात ट्रूडेलच्या शेजारणीने नातवासाठी या दुकानातून घेतलेली. दोन्ही त्याने पाटात सोडल्या आणि दोऱ्या काठावरच्या दगडाखाली दाबल्या.

"हे काय पोरखेळ?" लोथार म्हणाला.

"जरा वेळ लागेल त्याला," एगोन म्हणाला. "तोवर बोलू."

डोल्ड बाईंनी खिशातून फोटो काढला. त्यांनी मंडळींना सांगितलं की फालर बाई फळीला अडखळून गेल्या असं आपण आठवडाभर धरून चाललो होतो. आता एगोन विंटरहाल्टर काय म्हणतात ते ऐकावं.

एगोनला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. तो फोटोकडे बघून बोलला.

"हा तिच्या बाहीवरचा कचरा. पानं, थोटकं, शेवाळ. हा मी पहिल्या दिवशी पाहिला आणि माझी मला लाज वाटली, की आडेलहाईटच्या बाहीवर घाण. त्यापुढे विचार केला नाही. पाट घासल्यावर पाण्यात घाण येते कुठून? एकाच ठिकाणाहून. फळी खाचेत असते तेव्हा तिच्यामागे दीड तास सगळा कचरा साठतो. फळी उपसली की तो पहिल्या लोंढ्याबरोबर एकदम खाली जातो. पाच मिनिटांत संपतो. मग पाणी आरशासारखं. गल्लीतल्या कुणालाही विचारा."

कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

"पावणेआठला ती पडली असती, तर तिच्या बाहीला पान लागलं नसतं. तो गठ्ठा तिच्या बाहीला अडला, कारण लोंढा आला तेव्हा तिचा हात पाटात होता. ती आधीच पडलेली होती. कोरड्या पाटात. आणि पाट कोरडा होता म्हणजे फळी कुठे होती?"

"खाचेत," फरसबंदीचा कारागीर म्हणाला. हातातला गोटा त्याने खाली ठेवला होता.

"खाचेत. मग ती तिला अडखळली कशी? फळी तिच्या पायाशी नंतर आली. कोनाड्यातून कुणीतरी उचलून आणली. आणि पाणी मीच सोडलं, ती तिथे पडलेली असताना. ते माझं मला आयुष्यभर पुरेल."

ट्रूडेलने त्याचा दंड धरला.

लोथार शांतपणे म्हणाला की एगोनची कीव येते, पण हे सगळं एगोनच्याच साक्षीवर फुटतं. साडेसातच्या आधी तो तिथून गेला तेव्हा कुणी नव्हतं, हे त्यानेच लिहून दिलंय.

"ते मी चुकीचं लिहून दिलं," एगोन म्हणाला. "आणि तू ते खरं म्हणून सांगितलंस." त्याने चेस्टनट लोथारसमोर धरला. "तू मला मागच्या दाराने काढलंस, लोथार. फरशीला तेल म्हणालास. तासाभराने त्याच फरशीवर पोलीस बसले, मी बसलो, कुणाचा बूट उमटला नाही. मी पुढच्या दाराने गेलो असतो तर वळणावरच ती दिसली असती मला. म्हणून मागून पाठवलंस. मी विसरलो. तू विसरला नव्हतास, तरी पुढच्या दाराने गेला म्हणालास."

डोल्ड बाईंनी कापडात गुंडाळलेली होडी उघडली. चामड्याची पट्टी, बारीक टाके. रेनाटेने हुंदका दिला.

"ही त्या सकाळी फालर बाईंच्या हातात होती," बाई म्हणाल्या. "गाळात सगळ्यात तळाशी सापडली, म्हणजे पहिल्या लोंढ्याबरोबर गेली. त्यांनी कुणाला तरी सातला बोलावलं होतं, गोट्यांच्या मानाबद्दल चारचौघांत बोलण्याआधी एकट्याने सांगायला. मान तर एकाचाच होता."

"दुकानातून होडी नेऊन कोणी तिच्यावर काहीही शिवतं," लोथार म्हणाला. पण त्याची नजर पाटाकडे गेली होती, आणि मग सगळ्यांचीच गेली. बापाची होडी पाण्यावर डुलत होती. नव्या होडीचं पोट फुगलं होतं. रंग कडेने सुटला, डोलकाठी वाकडी झाली, आणि उललेल्या फटीतून भुशाचा लगदा पाण्यात उतरायला लागला.

 कारागिराने त्या लगद्याकडे पाहिलं, मग स्वतः ठोकलेल्या गोट्यांकडे.

"हात पुढे कर, लोथार," एगोन हळूच म्हणाला.

लोथारने हात पाठीमागेच ठेवले.

"दोन वर्षं मला अर्धा कप कॉफी देतोस. मी कंजूष म्हणायचो. पूर्ण भरला तर सांडतो ना?"

लोथारने हात पुढे आणले. दोन्ही थरथरत होते, वाऱ्यात पान थरथरतं तसे. ते लपवायला त्याने एकात एक अडकवले, तरी थांबेनात.

मग त्याने सांगितलं, एगोनलाच सांगितलं, बाकी गल्ली तिथे नसल्यासारखं. हात गेले तेव्हा कारखान्यातून होड्या आणायला लागला. तळाला डाग तेवढा स्वतः द्यायचा, तोही दोन हातांनी. वाटलं, गोटे एकदा बसले की दुकान बंद करू, नाव राहील. आडेलहाईटने सातला बोलावलं आणि ही होडी समोर धरली. म्हणाली, मान नाकार, मी कारण कुणाला सांगणार नाही, हात दुखतात म्हण. तो म्हणाला, सही कर. ती नाही म्हणाली. तो तिच्या हातातून होडी हिसकावायला गेला, ती सोडेना. मग ढकललं. जिवे मारायला नव्हे. होडी कुठे पडली ते अंधारात दिसेना. खालून खराट्याचा आवाज येत होता. कारंज्याकडून वळसा घालून तो मागच्या दाराने घरात आला आणि कॉफी ठेवली.

"आणि फळी?" डोल्ड बाईंनी विचारलं.

"फळी नंतर सुचली. पाणी सुटलेलं बघून." तो एगोनकडे बघत होता. "मला वाटलं, तुला शिक्षा होणार नाही. म्हातारा माणूस, विसरला, कोण काय करणार? आणि तू भांडणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तुझं तुलाच खरं वाटेल."

"वाटलं," एगोन म्हणाला. "आठ दिवस वाटलं. तू केक घेऊन आलास तेव्हा तर अगदीच वाटलं."

लोथारने मान खाली घातली.

"तिने तुला सांगितलं होतं, हात दुखतात म्हण," एगोनचा आवाज फाटला. "एवढंच म्हणायचं होतं रे. माझं डोकं जातंय हे तू पोलिसांना सांगितलंस. तुझे हात जातायत हे मला एकट्याला सांगितलं असतंस, तर मी काय हसलो असतो? आपण दोघं मिळून एक धड माणूस झालो असतो."

 डोल्ड बाई लोथारला घेऊन गेल्या, वळणापर्यंत गल्ली त्याच्याकडे बघत राहिली. रेनाटेने वाकून बापाची होडी पाटातून काढली आणि एगोनच्या हातात दिली. कारागिराने विचारलं, या अर्ध्या होडीचं काय करू? मंडळाला काही सुचेना. शेवटी ती तशीच राहिली, डोलकाठीशिवाय.

नगरपालिकेने एगोनला परत कामावर घेतलं, शिवाय माफीचं पत्र दिलं. ते त्याने कुठे ठेवलं ते त्याला पुढे सापडलं नाही. ट्रूडेलने त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, विसरण्याची सुरुवात आहे, खरीच आहे, आता सगळं लिहून ठेवत जा. लोथार त्या बाबतीत खोटं बोलला नव्हता.

पुढच्या मंगळवारी सहाला एगोनने पाणी अडवलं आणि हाफनर गल्ली वरून खालपर्यंत घासली. हातमोज्यांच्या दुकानापुढे त्याने तो काठ दोनदा धुतला. तळाशी कॉफी नव्हती, दुकानाला टाळं होतं. साडेसातला गल्लीतून चालत वर गेला, फळी उपसली, कोनाड्यात उभी केली आणि मासळी गल्लीकडे निघाला.

वीस पावलांवर तो थांबला. परत आला, कोनाड्यात हात घालून बघितलं. पुन्हा निघाला, पुन्हा मासळी गल्लीच्या तोंडाशी थांबला, आणि खिशातला चेस्टनट मुठीत धरून परत कारंज्यापर्यंत चालत आला.

फळी कोनाड्यातच होती.